पहिलं पोतं

फाल्गुन सरत आला की कराडच्या पुढे एसटीच्या खिडकीतून एक वास आत येतो. कच्ची हळद शिजवल्याचा. लग्नाच्या हळदीशी त्याचा काही संबंध नसतो. ओली माती, जळकं लाकूड आणि दवाखाना एकाच कढईत घालून उकळावं, तसा तो वास असतो. हळदीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. पण लिहिणाऱ्यांनी ती बहुतेक दळून आलेलीच पाहिलेली असावी.

यंदा एका विद्यार्थिनीच्या लग्नाला सांगलीला जाताना तो वास पुन्हा आला. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी खिडकी आणखी थोडी उघडली. मला त्या वासाबरोबर नवरी आठवली नाही, मांडव आठवला नाही. काळा पडदा आठवला, आणि त्यावर उघडझाप करणारी एक पांढरी रेघ.

काही वर्षांपूर्वीचा हळदीचा हंगाम. साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाला सगळे 'आता काय, निवांत' म्हणतात आणि लगेच एखादं काम सांगतात. मला ते शबानानं सांगितलं. ती कोरेगावची, माझी जुनी विद्यार्थिनी. वर्षभर माझ्याकडे मराठी शिकली आणि मग शहाणपणानं कॉम्प्युटरकडे गेली. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यानं तिला प्रोग्रॅम लिहायला सांगितला होता. गोदामात येणाऱ्या प्रत्येक पोत्याची नोंद व्हायला हवी, आणि सगळं मराठीत हवं, एवढ्या दोनच अटी. त्यातली दुसरी अट मी सांभाळायची होती.

प्रोग्रॅमला तोंडवळा नव्हता. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक प्रश्न उमटायचा, त्याचं उत्तर टाइप करायचं, एंटर दाबायचं. की ती ओळ मागच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसायची. "हळदीच्या धुळीत माउस दोन दिवस टिकायचा नाही मॅडम," शबाना म्हणाली. मला तो काळा पडदा आवडला. विचारतो, ऐकतो, ठेवून घेतो. आमच्या कॉलेजच्या कार्यालयात असा एक माणूस असता तर माझी पेन्शन वेळेत सुरू झाली असती.

मी मात्र पहिल्याच दिवशी माती खाल्ली. 'कृपया गोणीचा अनुक्रमांक व भार निविष्ट करावा' असं वाक्य लिहून दिलं. ज्यांच्या हाताखाली हा प्रोग्रॅम चालायचा होता ते बाळगोंडा दिवाणजी. उभी हयात या पेढीवर काढलेले, पांढरी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, ह्ये कुणी मेल्यावर वाचायचं हाय का?"

मग आम्ही तिथे 'पोतं कितवं? वजन किती?' असं लिहिलं. दिवाणजींनी मान हलवली. पोत्याचा नंबर, मध्ये मोकळी जागा, मग वजन. एका पोत्याला एक ओळ.

पेढीचे मालक धनपालअण्णा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते; कारण पुढचं वाचून तो वाईट वाटेल. देवळाच्या पंचकमिटीत होते, गोशाळेला मदत करायचे, कामगारांच्या मुलींच्या लग्नांना न चुकता जायचे. फक्त त्यांना समारंभ आवडायचा. कुठलीही गोष्ट हार घातल्याशिवाय सुरू झाली असं त्यांना वाटायचंच नाही. प्रोग्रॅमचंही उद्घाटन ठरलं. मांडव, पाहुणे, चौरंगावर लॅपटॉप.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. अण्णा स्वतः बसले आणि पोत्याच्या नंबराच्या जागी त्यांनी आपलं नाव टाइप केलं. शबानाचा प्रोग्रॅम शिस्तीचा. त्यानं लाल अक्षरांत सांगितलं, 'चूक. हा आकडा नाही. पुन्हा टाका.'

अण्णांचा चेहरा उतरला. "पोरी, उद्या पाहुण्यांच्या हातनं कायतरी इकडचं तिकडं झालं तर? शुभ कामात पडद्यावर चूक ही अक्षरं दिसायला नकोत."

"अण्णा, चूक झाली तर सांगायला नको?"

"सांग की. पण उद्याच्या दिवस गप ठेव त्याला."

तिनं ठेवला. आकडा नसलेलं काही आलं तर आरडाओरडा न करता ते गिळून टाकायचं आणि पुढची ओळ मागायची, असं तिनं त्या प्रोग्रॅमला सांगितलं. दोन ओळींचं काम. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपला झेंडूचा हार घातला, पडद्याला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. पाहुण्यांनी क्रांती, युग आणि पाऊल या तीन शब्दांवर बराच वेळ काढला आणि मग एका बोटानं १ दाबून, वजन टाकून, एंटर मारलं. ओळ जमा झाली. टाळ्या वाजल्या. पडद्यावरचं कुंकू पुसताना शबाना मला हळूच म्हणाली, "आता ते लाल वाक्य परत घालते."

पण त्याच दुपारी गाड्या लागल्या. तिनं विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "चालतंय ते कशाला उचकटतीस?" जगातली बरीच वाईट कामं या वाक्यावर चाललेली आहेत. चांगलीही असतील; आपल्याला ती आठवत नाहीत एवढंच.

त्या गल्लीचं मला अजून नीट आठवतं. हळद घासून चकचकीत करणारे लोखंडी ढोल दिवसभर खडखडत. त्यातून उडणारी धूळ कौलांवर, तारांवर, चहाच्या सायीवर बसे. संध्याकाळी रुमालानं कपाळ पुसलं की रुमाल हळदीच्या कार्यातून आल्यासारखा दिसे. लॅपटॉपवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले होते. चार दिवसांत ते सगळे पिवळे झाले. जुनी माणसं सांगत, पूर्वी हरिपूरला जमिनीत खोल पेवं असत आणि हळद त्यांच्या पोटात राही. मग कृष्णेचं पाणी त्यांत शिरलं. आता हळद जमिनीवर आली, गोदामात, छतापर्यंत रचलेल्या थप्प्यांत. रोज इतकं आत येई आणि इतकं बाहेर जाई, की थप्पी मोजायची तर बाजार थांबवावा लागला असता.

आणि दत्तूमामा. हमाल टोळीचे मुकादम. पाठ किंचित वाकलेली, खांद्यावर घडी घातलेलं पोतं, हातात लोखंडी हूक. सांगलीच्या त्या गल्लीत पहिलं पोतं मुकादमानं उचलायची रीत होती. गाडीचं फळकं उघडलं की आधी मुकादमाचा खांदा लागायचा, मग बाकीची टोळी हात लावायची. दत्तूमामा पोतं काट्यावर आपटत नसत. गुडघा पुढे करून, झोपलेलं मूल उतरवावं तसं उतरवत. शबानाला ते "पोरी" म्हणत आणि लॅपटॉपला "तुझं काळं पाखरू".

आम्ही साताऱ्याला परतलो. काही दिवसांनी अण्णांचा फोन आला, ताबडतोब या.

शेतकऱ्यांच्या पावत्या आणि कॉम्प्युटरची बेरीज जुळत नव्हती. प्रत्येक गाडीमागे एक पोतं कमी. शबानानं तिथेच डेटाबेस उघडला. प्रत्येक गाडीची नोंद दोन नंबरच्या पोत्यापासून सुरू होत होती. अपवाद एका नोंदीचा. ती पाहुण्यांची.

"म्हंजे पैलंच पोतं," अण्णा म्हणाले. "काट्यावर चढायच्या आधीच जातंय. आणि पैलं पोतं कोण उचलतंय?"

"मी तर पैल्यापास्नं सगळी लिवलीत," दिवाणजी म्हणाले, पण अण्णांना पडद्यावरची बेरीजच खरी वाटली. ते बाहेर आले. गाडी उतरत होती. सगळी टोळी तिथेच होती.

"दत्तू, हर गाडीमागं एक. लय हुशारीनं काम केलंस गड्या."

दत्तूमामांना आधी कळलंच नाही. "काय बोलताय अण्णा?"

"मी बोलत न्हाई. ह्यो बोलतोय." अण्णांनी आत लॅपटॉपकडे बोट केलं.

"त्येला काय तोंड हाय व्हय?"

"तोंड न्हाई म्हणूनच त्यो खोटं बोलत न्हाई. चोर हायस तू. ह्या आठवड्यात तुझा बिल्ला काढून घ्यायला लावतो का न्हाई बघ."

ढोल चालूच होते, तरी ते शब्द सगळ्यांना ऐकू गेले. हमालाचा बिल्ला गेला की तो बाजारात नुसता एक म्हातारा माणूस उरतो. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. त्या गल्लीतले व्यापारी गोदाम उघडं टाकून जेवायला जात, ते याच माणसाच्या भरवशावर. आता प्रत्येक व्यापारी मागे वळून पाहणार होता. दत्तूमामांनी हातातला हूक काट्यावर ठेवला आणि ते चालायला लागले. इलेक्ट्रॉनिक काटा; त्यानं प्रामाणिकपणे हुकाचंही वजन दाखवलं.

"अण्णा, आधी मला माझा प्रोग्रॅम तपासू द्या," शबाना म्हणाली.

"त्याला काय झालंय? पाहुण्यांनी सोता चालवून बघितला की."

मिरजेला शबानाची मावशी राहते. तिच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्याशी शबाना बसली आणि त्या प्रोग्रॅमला नाही नाही ते खायला घालू लागली. मी बघत होते. रिकामं एंटर. दोन मोकळ्या जागा. वजनात स्वल्पविराम. नंबराऐवजी अक्षर. प्रत्येक वेळी तो काही न बोलता ती ओळ गिळे आणि पुन्हा विचारी, पोतं कितवं? चेहऱ्यावर काही नाही, कारण चेहराच नाही.

"मॅडम, हा फार गिळतोय," ती म्हणाली. "पण हरेक गाडीत एकच का? आणि पहिलंच का? मी कितीदा एक टाकलं. दर वेळी जमा होतं."

तिचा चेहरा ओढलेला होता. मी म्हटलं, "कदाचित खरंच कुणी..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. पुस्तकं वाचून संशय घेणं मला चांगलं जमतं. संशय कुणावर घ्यायचा, याबद्दल पुस्तकं फारसं सांगत नाहीत.

आज शबाना पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. हाताखाली पोरंपोरी आहेत. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "मॅडम, नवी मुलं आली की मी त्यांना एकच सांगते. न कळलेलं काही आलं तर गिळायचं नाही. थांबायचं आणि विचारायचं." मी म्हटलं, हे तू माणसांबद्दल बोलतेयस की प्रोग्रॅमबद्दल? ती हसली नाही.

मिरजेहून दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवर येऊन ती दिवाणजींच्या मागे उभी राहिली. "काका, मी नाही असं समजा. रोजच्यासारखं करा."

गाडी लागली. दत्तूमामांच्या जागी दुसऱ्याच कुणी तरी पहिलं पोतं आणलं आणि काट्यावर आपटलं. दिवाणजींनी काट्याकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, पिवळ्या स्टिकरांवरून दोन बोटं सावकाश फिरवली, एंटर दाबलं. पडद्यानं पुन्हा विचारलं, पोतं कितवं? दुसरं पोतं आलं. दिवाणजींनी २ दाबला.

"काका, थांबा. आधीच्या ओळीत काय टाइप केलंत?"

"लाभ."

"लाभ?"

"लाभ, आणि म्होरं वजन."

"पण एक का नाही टाकलं?"

दिवाणजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आगं, पैल्या मापाला एक म्हणत्यात व्हय? एक म्हटलं की माप एकटं पडतंय. लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. माझ्या बानं आसंच मोजलं, त्येच्या बानं आसंच. पाहुण्याला काय ठावं? त्येनं कवा माप धरलंय?"

मी लहानपणी ज्वारी मोजताना हे ऐकलेलं होतं. पायलीचा तळ घासत, लाभ... दोन... तीन... सगळं आयुष्य मराठी शिकवलं, आणि 'निविष्ट' आठवलं, लाभ आठवलं नाही. पण मी शबानाकडे पाहिलं तेव्हा ती माझ्याहून दूर कुठे तरी गेली होती.

"माझे आजोबा कोरेगावच्या बाजारात शेंगा मोजायचे," ती म्हणाली. "ते बरकत म्हणायचे. बरकत, दोन, तीन. मी त्यांच्या मांडीवर बसून मोजायला शिकले."

ढोल खडखडत होते. मग दिवाणजींना हळूहळू समजत गेलं. त्यांनी टोपी काढली. मी त्यांना बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. एकदम म्हातारे दिसले.

"म्हंजे मी रोज लाभ लिवला, आणि ह्यानं टाकून दिला?"

"हो काका."

"मला सांगायचं तरी."

"त्याला आपणच सांगू नको म्हटलं होतं."

"नुसतं इचारलं आसतं, लाभ म्हंजे काय रं काका? तर मी सांगितलं नसतं व्हय?" ते पडद्याकडे बघून बोलत होते. "मला वाटलं, म्होरं इचारतोय म्हंजे ह्येला पटलं."

गप्प राहणाऱ्याला संमती आहे असं आपण धरून चालतो. सभेत, घरात, लग्न ठरवताना. दिवाणजींनी तेच केलं, यात त्यांचं काय चुकलं? शुभाला ओरखडा नको म्हणून एकानं पडद्यावरची चूक झाकली. शुभ व्हावं म्हणून दुसऱ्यानं एकाला लाभ म्हटलं. दोन्ही मंगलच. त्या दोन मंगल गोष्टींच्या मध्ये एक माणूस सापडला.

शबानानं लाल वाक्य परत घातलं. आणि प्रोग्रॅमला शिकवलं की लाभ आलं तर एक समज, बरकत आलं तरी एक समज. दिवाणजी तेवढा वेळ थांबले नाहीत. टोपी डोक्यावर ठेवून ते अण्णांना न विचारता, पायी, दत्तूमामांच्या घरी गेले. उभ्या नोकरीत भर दुपारी पेढी सोडून ते पहिल्यांदाच गेले असावेत.

अण्णांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "सत्कार करू. शाल, फेटा, श्रीफळ. फ्लेक्स लावू गल्लीच्या तोंडाला." त्यांना दुसरी भाषा येत नव्हती, पश्चात्तापसुद्धा मांडव घातल्याशिवाय त्यांना करता येईना.

दत्तूमामांचा निरोप दिवाणजींनीच आणला. "शाल नको म्हणतोय. जिथं चोर म्हणालासा, तिथंच, तीच माणसं आसताना, चोर न्हाई म्हणा, येवढंच म्हणतोय."

अण्णांनी म्हटलं. टोळीसमोर, काट्याजवळ. औषध घ्यावं तसं, पटकन आणि खालच्या आवाजात. "दत्तू, यंत्राची चूक झाली. तू चोर न्हाईस. मनाला लावून घिऊ नगंस."

"बरं," दत्तूमामा म्हणाले.

बिल्ला राहिला. टोळीनं त्यांना पुन्हा मुकादम केलं. मिटलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. डेटाबेसमधली चुकीची ओळ खोडायची तर एक आज्ञा पुरते, हे मी त्या हंगामात शिकले होते. कानांवरून गेलेली ओळ कुठे कुठे साठते, त्याचा पत्ता मात्र कुणाकडे नसतो. पुढच्या गल्लीतल्या एका व्यापाऱ्यानं जेवायला जाताना गोदामाला कुलूप लावलेलं मी त्याच आठवड्यात पाहिलं. त्याचा आणि या प्रकरणाचा कदाचित काही संबंध नसेलही.

हंगाम संपता संपता आम्ही हिशोब बंद करून द्यायला शेवटचं सांगलीला गेलो. दुपार कलली आणि वळवाचं आभाळ भरून आलं. मिरजेच्या बाजूनं काळं होत आलं, वारा सुटला, गल्लीभर पिवळी धूळ उठली. दारात अण्णांची गाडी अर्धीच उतरली होती. हळद भिजली की गेली. शेजारच्या गोदामांतली माणसं धावली, दिवाणजींनी लॅपटॉप मिटून काखेत मारला, शबानासुद्धा ताडपत्रीचं टोक धरून उभी राहिली.

समोरच्या पेढीवर काम करत असलेले दत्तूमामा आले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी फळक्याला पाठ लावली, पोतं खांद्यावर घेतलं आणि चालत गोदामाच्या दारापर्यंत आले. उंबऱ्यापाशी थांबले. गुडघा पुढे करून पोतं अलगद खाली ठेवलं, उंबऱ्याच्या बाहेरच, आणि दुसरं आणायला वळले. आतल्या एका हमालानं ते उचलून आत नेलं. दुसऱ्या पोत्याचंही तसंच. तिसऱ्याचंही.

अण्णा दारातच उभे होते. त्यांनी पाहिलं. टपोरे थेंब पडायला लागले होते.

"आत ये की रं दत्तू," ते म्हणाले. "भिजतोयस."

"नगं अण्णा," दत्तूमामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आत काय कमी-जास्त झालं तर?"

अण्णांच्या मागे त्या वेळी उचलायला कुणी रिकामं नव्हतं. पोतं उंबऱ्यावर होतं आणि पावसाची तिरकी सर त्याच्यापर्यंत पोचत होती. अण्णा वाकले. पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांसकट दोन्ही हातांनी त्यांनी पोत्याचे कान धरले आणि जमेना तरी ओढत, धापा टाकत, ते स्वतः आत घेतलं. दत्तूमामा तोवर पुढचं पोतं घेऊन उंबऱ्याशी आले होते, आणि पाठीवर पाऊस घेत, खाली न ठेवता, दार रिकामं व्हायची वाट बघत उभे होते.